‘वडिलोपार्जित’ म्हणजे नेमके काय?

श्रोतेहो, वर्तमानपत्रातील जाहीर नोटिसा आपण सर्वजण कधी ना कधी वाचतो. कोणी घर विकत असतो, कोणी शेत घेत असतो, आणि तिसरा कोणी वकिलामार्फत कळवीत असतो की सदर मिळकत आमची वडिलोपार्जित असून तीत आमचाही हिस्सा आहे. खरेदीखत, वाटणीपत्र, मृत्युपत्र, हक्कसोडपत्र यांपैकी कोणताही कागद उघडला, तरी पहिल्या दोन-चार ओळींत हे विशेषण बहुधा भेटतेच. ते इतके परिचयाचे आहे, की त्याचा अर्थ विचारण्याची गरज कोणास वाटत नाही. परंतु भावाभावांतील आणि भावाबहिणींतील दाव्यांकडे पाहिले, तर पुष्कळदा सारा वाद या एका विशेषणाभोवती फिरत असल्याचे दिसून येते. म्हणून आजच्या भाषणात या शब्दाची फोड करून तो कोठे लागू पडतो आणि कोठे पडत नाही, हे पाहण्याचा विचार आहे.

प्रथम शब्दाची घडण पाहू. ‘वडील’ आणि ‘उपार्जित’ या दोन पदांचा हा समास. ‘उपार्जित’ हे संस्कृत कृदंत. मिळविलेले, संपादन केलेले, असा त्याचा अर्थ. ‘वडील’ हा शब्द मात्र आपल्या घरचा. त्याला संस्कृत पद जोडताना संधी संस्कृतच्या नियमाने झाली आणि ‘वडिलोपार्जित’ असे रूप सिद्ध झाले. सुट्या ‘वडील’ शब्दातील ‘डी’ दीर्घ आहे. समासात तो ऱ्हस्व होतो. ‘वडीलोपार्जित’ असे दीर्घ लिहिलेले पुष्कळ कागदांत आढळते, ते शुद्ध नव्हे. अर्थात ऱ्हस्वदीर्घाच्या चुकीमुळे कोणाचा हिस्सा बुडत नाही. हिस्सा बुडतो तो अर्थाच्या चुकीमुळे.

शब्दशः अर्थ केला तर वडिलोपार्जित म्हणजे वडिलांनी मिळविलेले. पण मराठीत ‘वडील’ हा शब्द एकट्या पित्यासाठी वापरला जात नाही. वडील भाऊ, वडीलधारी माणसे, वाडवडील, अशी त्याची व्याप्ती मोठी आहे. समासात अभिप्रेत आहेत ते वाडवडील, म्हणजे पूर्वज. सामान्य माणूस मात्र ऐकतो ‘वडील’, आणि त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहतो आपला बाप. वडिलांनी आयुष्यभर नोकरी करून जे घर बांधले ते वडिलोपार्जित, सबब त्यात माझा जन्मापासून वाटा, असे तो सहज म्हणून जातो. कायद्याचे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. वडिलांनी स्वतः मिळविलेली मिळकत कायद्याच्या अर्थाने वडिलोपार्जित नव्हे. ती वडिलांची स्वकष्टार्जित होय. तिच्यावर त्यांच्या हयातीत मुलाचा काडीइतकाही हक्क नसतो. ते ती विकू शकतात, बक्षीस देऊ शकतात, मृत्युपत्राने परक्यास ठेवू शकतात. शब्दाच्या कानाला लागणाऱ्या अर्थात आणि कायद्याच्या अर्थात इतके अंतर असावे, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

हे अंतर कसे पडले? याज्ञवल्क्यस्मृतीत या संदर्भात ‘पितामहोपात्त’ असा शब्द आला आहे. पितामह म्हणजे आजोबा. त्यांनी संपादन केलेली भूमी ती पितामहोपात्त. अशा भूमीवर बाप आणि मुलगा यांचे स्वामित्व सारखे, असे स्मृतिकार सांगतात. तेव्हा मूळ शब्दात बाप नाही, आजोबा आहेत. या स्मृतीवर विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. कल्याणीच्या चालुक्यवंशातील सहावा विक्रमादित्य १०७६ ते ११२६ या काळात राज्य करीत होता; त्याच्या राजधानीत हा ग्रंथ झाला. ती कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकातील बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. हैदराबादहून ते काही फार दूर नाही, आणि १९५६ पर्यंत ते हैदराबाद राज्यातच होते. आपल्या शेजारच्या गावी लिहिलेल्या एका टीकेने पुढे आठ-नऊशे वर्षे हिंदुस्थानातील बहुतेक हिंदू कुटुंबांच्या वाटण्या ठरविल्या. बंगालने तेवढा जीमूतवाहनाचा ‘दायभाग’ मानला. त्या मताप्रमाणे बापाच्या मृत्यूनंतरच मुलाचा हक्क उत्पन्न होतो. मिताक्षरेच्या मताप्रमाणे पूर्वजांच्या मिळकतीत तो जन्मतःच उत्पन्न होतो. आपल्या विशेषणातील खरा जीव या ‘जन्मतः’ शब्दात आहे.

एवंच, परंपरेने ठरलेली व्याख्या अशी करता येईल. पुरुषाला त्याच्या बापाकडून, आजाकडून किंवा पणजाकडून वारशाने आलेली जी मिळकत, ती त्याच्या संततीच्या दृष्टीने वडिलोपार्जित. आईकडून, आईच्या वडिलांकडून, चुलत्याकडून अथवा भावाकडून आलेली मिळकत या अर्थाने वडिलोपार्जित नव्हे. आजोळचा मळा कितीही जुना असो, तो ज्याला मिळाला त्याचा स्वतःचा होतो. मिळकतीचे वय किती, हा प्रश्न येथे गौण आहे. ती कोणत्या वाटेने हातात आली, हा मुख्य.

पण येथे १९५६ साल आडवे येते. त्या वर्षीच्या १७ जून रोजी हिंदू उत्तराधिकार अधिनियम अमलात आला आणि वारशाची वाटच बदलली. त्याच्या आठव्या कलमाप्रमाणे पुरुष मृत्युपत्र न करता वारला, तर त्याची स्वतःची मिळकत पत्नी, मुलगे, मुली आणि आई अशा वारसांना मिळते. अशी मिळकत मुलाच्या हाती आल्यावर तीत नातवाचा जन्मसिद्ध हक्क असतो काय? निरनिराळ्या उच्च न्यायालयांची याविषयी निरनिराळी मते होती. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चंदर सेन यांच्या प्रकरणात निकाल दिला, की ती मुलाची व्यक्तिगत मिळकत होय. नातवाला तीत जन्माने हक्क नाही. याचा परिणाम फार दूरवर पोहोचतो, आणि तो अद्यापि पुष्कळांच्या ध्यानी आलेला नाही.

एका कल्पित कुटुंबाचे उदाहरण घेतले म्हणजे हे स्पष्ट होईल. एक गृहस्थ १९५० साली वारले. पत्नी त्यांच्या आधीच गेली होती. मागे राहिला एकुलता एक शाळकरी मुलगा. पणजोबांपासून चालत आलेले शेत आणि त्या गृहस्थांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेले एक दुकान, अशा दोन मिळकती त्या मुलाला मिळाल्या. पुढे तो नोकरीस लागला आणि १९७५ साली त्याने पगारातून शिल्लक टाकून घर बांधले. त्याच्या आईचे वडील वारल्यावर मळ्याचा एक तुकडाही त्याच्या वाट्याला आला. आता त्याची मुले-नातवंडे मोठी झाली आहेत आणि घरात चार मिळकती आहेत: शेत, दुकान, घर आणि मळा. बोलताना सगळेजण या चारींना ‘वडिलोपार्जित इस्टेट’ म्हणतात.

कायदा काय म्हणेल? शेत वडिलोपार्जित, याविषयी शंका नाही. दुकान आजोबांचे स्वकष्टार्जित होते, पण ते जुन्या कायद्याखाली १९५० साली वारशाने आले. म्हणून तेही मुलाच्या हातात, त्याच्या संततीपुरते, वडिलोपार्जित झाले. घर मात्र बांधणाऱ्याचे स्वतःचे, आणि मळाही त्याचा स्वतःचा. आता यात एकच फरक करून पाहा. आजोबा १९५० ऐवजी १९७० साली वारले असे समजा. दुकान तेच, माणसे तीच, नातेही तेच. तरी दुकान आता वडिलोपार्जित राहत नाही. ते मुलाला त्याची व्यक्तिगत मिळकत म्हणून मिळते, आणि नातवाचा जन्मसिद्ध हक्क नाहीसा होतो. वीस वर्षांच्या अंतराने विशेषण बदलले आणि विशेषणाबरोबर मालकही बदलले. आजोबांचे ते वडिलोपार्जितच, हे वाक्य म्हणूनच डोळे मिटून म्हणता येत नाही. आजोबा केव्हा वारले, हे विचारावेच लागते.

आजोबांनी किंवा वडिलांनी आपली स्वकष्टार्जित मिळकत मृत्युपत्राने अथवा बक्षीसपत्राने मुलाला दिली असेल तर? १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याचा उलगडा केला. अशी मिळकत केवळ बापाकडून आली एवढ्याने वडिलोपार्जित होत नाही. देणाऱ्याचा हेतू काय होता, हे त्या कागदाच्या शब्दांवरून ठरवावे लागते. तुला एकट्याला देतो, असा हेतू असेल तर ती मुलाची स्वतःची. तुला आणि तुझ्या संततीला कुटुंबाची म्हणून देतो, असा असेल तर ती कुटुंबाची. लेखणी हाती घेणाऱ्याने येथे किती जपावयास हवे, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

आता मुलींचा प्रश्न. येथे हे विशेषण केवळ व्याकरणाचे राहत नाही, तो न्यायाचा विषय होतो. शतकानुशतके जन्मसिद्ध हक्क हा मुलग्यांचा होता. १९५६ च्या कायद्याने मुलीला बापाच्या स्वतःच्या मिळकतीत भावाबरोबरीने वारस केले. परंतु वडिलोपार्जित मिळकतीतील जन्माच्या हक्कापासून तिला दूरच ठेवले. पुढे काही राज्यांनी आपापल्या परीने सुधारणा केली. आंध्र प्रदेशाने १९८५ पासून, महाराष्ट्र व कर्नाटक यांनी १९९४ पासून मुलीला हा हक्क दिला. मात्र सुधारणा अमलात येण्यापूर्वी विवाह झालेल्या मुलींना वगळले. मध्य प्रदेश आणि गुजरात या राज्यांत अशी सुधारणा झाली नाही. परिणामी काही काळ हैदराबादच्या, बेळगावच्या, इंदूरच्या आणि बडोद्याच्या मराठी कुटुंबांतील मुलींचे हक्क एकाच शब्दाखाली वेगवेगळे होते. दोघी सख्ख्या बहिणींपैकी धाकटी अविवाहित म्हणून तिला हिस्सा आणि थोरलीचे लग्न झाले म्हणून तिला नाही, असाही प्रकार घडू शके.

९ सप्टेंबर २००५ पासून संसदेने सर्व देशासाठी हा भेद काढून टाकला. मुलगी, विवाहित असो वा अविवाहित, मुलग्याप्रमाणे जन्मतःच हिस्सेदार ठरली. त्या तारखेस वडील हयात असले पाहिजेत काय, याविषयी परस्परविरोधी निकाल झाले. अखेर ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सांगितले, की हा हक्क जन्माचा आहे. वडील त्या दिवशी हयात असण्याची अट नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या व विक्रीव्यवहार मात्र कायम राखले गेले आहेत.

यातून एक विलक्षण उलथापालथ झाली आहे. पूर्वी मुलीचा दावा टाळावयाचा असेल, तर भाऊ म्हणत असे की मिळकत वडिलोपार्जित आहे. आज तो टाळावयाचा असेल, तर ती वडिलांची स्वकष्टार्जित होती आणि त्यांनी मृत्युपत्राने मला दिली, असे म्हणावे लागते. वडिलोपार्जित शेतात बापाला मृत्युपत्र करता येते ते केवळ आपल्या स्वतःच्या वाट्यापुरते. मुलीचा वाटा त्याला कोणास देता येत नाही. तेव्हा बहिणीपुढे हक्कसोडपत्र सहीसाठी ठेवले जाते, त्या वेळी तिने प्रथम एक प्रश्न विचारावा: ही मिळकत कोणत्या प्रकारची आहे? उत्तर कळल्यावर सही करावी की न करावी, हा तिचा अधिकार. प्रेमाने सोडलेला हक्क हे दान होय. न कळता सोडलेला हक्क हे दान नव्हे.

येथवर सांगितले ते मिताक्षरेच्या परंपरेतील हिंदू कुटुंबांविषयी. परंतु मराठी बोलणारी सर्वच कुटुंबे या परंपरेत येत नाहीत, आणि शब्द तर सर्वांच्या तोंडी आहे. आम्हा ख्रिस्ती लोकांच्या घरीही वडिलोपार्जित घर, वडिलोपार्जित शेत असे सर्रास म्हटले जाते. गोव्याबाहेरील ख्रिस्ती माणसाला सामान्यतः १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू पडतो. त्यात जन्माने मिळणाऱ्या हक्काची कल्पनाच नाही. मृत्युपत्र नसेल, तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेल्या दोन तृतीयांशांत मुलगे व मुली यांना समान वाटे, असा सरळ हिशेब आहे. मिळकत पणजोबांची असो वा पगाराची, हिशेब तोच. मुसलमानी कायद्यातही मुलाला जन्मतः हिस्सा नाही. या घरांत ‘वडिलोपार्जित’ हा शब्द आठवणीचा आणि मायेचा आहे. त्यातून हक्क निघत नाही.

गोव्यात आणखी निराळा प्रकार. तेथे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून लागू झाली. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावरही कौटुंबिक बाबतीत तो कायदा चालू राहिला. वारशापुरती त्याची जागा आता गोव्याच्या विधानसभेच्या २०१२ च्या कायद्याने घेतली असून तो २०१६ पासून अमलात आहे. तत्त्व मात्र जुनेच राहिले. विवाहाच्या वेळी वेगळा करार केला नसेल, तर पतिपत्नींची मिळकत सामाईक धरली जाते आणि तिच्यात दोघांचा निम्मा-निम्मा वाटा असतो. शिवाय मुले असतील, तर माणसाला आपल्या मिळकतीचा निम्माच भाग मृत्युपत्राने मनास येईल तसा देता येतो. उरलेला निम्मा मुलांसाठी, मुलगा-मुलगी असा भेद न करता, राखीव असतो. ही बंधने हिंदू आणि ख्रिस्ती दोघांनाही सारखी. आणि विशेष म्हणजे, मिळकत पूर्वजांची की स्वतःची, हा प्रश्न त्या राखीव भागासाठी विचारलाच जात नाही. गोव्याच्या कायद्याखाली येणाऱ्या माणसाची मिळकत गोव्याबाहेर भारतात इतरत्र असली, तरी तिच्या वारशास गोव्याचाच कायदा लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले. सबब म्हापशाचा माणूस आणि बेळगावचा माणूस एकाच शब्दात बोलले, तरी ते एकाच कायद्यात बोलत नाहीत.

मग हे विशेषण वापरावे तरी कसे? पहिली गोष्ट ही, की जवळपासच्या इतर शब्दांपासून ते वेगळे ठेवावे. अनेक मालक असलेली मिळकत ती ‘सामाईक’. दोन मित्रांनी मिळून घेतलेली जागाही सामाईक असू शकते, ती वडिलोपार्जित नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या पदाला किंवा वृत्तीला ‘वंशपरंपरागत’ म्हणावे. आईवडिलांच्या पश्चात कायद्याने मिळाली, एवढेच सांगावयाचे असेल तर ‘वारसाहक्काने मिळालेली’ हे शब्द पुरेत. आज ज्या कागदांत ‘वडिलोपार्जित’ लिहिले जाते, त्यांपैकी कित्येकांत खरोखर हेच शब्द योग्य ठरतील.

दुसरी गोष्ट, केवळ विशेषणावर विसंबू नये. कागदात ‘वडिलोपार्जित’ असे लिहिले म्हणून मिळकत तशी ठरत नाही, आणि ‘स्वकष्टार्जित’ लिहिले म्हणून तशीही ठरत नाही. न्यायालय मिळकतीचा उगम पाहते. जमिनीच्या उताऱ्यावरील नोंद ही सारा कोणी भरावा यासाठी असते; तिने मालकी निर्माण होत नाही. म्हणून विशेषणापुढे इतिहास लिहावा: ही मिळकत अमुक यांची, त्यांना ती अमुक साली अमुक दस्ताने मिळाली, ते अमुक साली वारले, त्यांच्या मागे अमुक वारस राहिले. अशी चार वाक्ये लिहिली, तर पुढच्या पिढीचा दावा कदाचित टळेल. मृत्युपत्र करणाऱ्यानेही नुसते ‘माझी स्वकष्टार्जित’ असे न म्हणता, कोणत्या उत्पन्नातून केव्हा घेतली, हे नमूद करावे आणि जुने दस्त जपून ठेवावे.

तिसरी गोष्ट पुराव्याच्या भाराची. कुटुंब एकत्र आहे, म्हणून त्यातील प्रत्येक मिळकत एकत्र कुटुंबाची, असे कायदा मानीत नाही. जो तसे म्हणेल, त्याने ते सिद्ध करावयाचे. मात्र कुटुंबाजवळ पुरेशा उत्पन्नाची जुनी मिळकत होती आणि तिच्यातून नवी घेणे शक्य होते, एवढे त्याने दाखविले, तर आपली मिळकत स्वतःची आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी दुसऱ्यावर येते. आणि बापाने वडिलोपार्जित मिळकत विनाकारण विकली, असे मुलाचे म्हणणे असेल, तर खरेदीदाराने कब्जा घेतल्यापासून बारा वर्षांच्या आत त्याने न्यायालयाकडे गेले पाहिजे. कर्ज, आजार, विवाह, शिक्षण अशा कुटुंबाच्या खऱ्या गरजेसाठी केलेली विक्री मात्र मुलावरही बंधनकारक असते.

श्रोतेहो, नाम वस्तूची ओळख सांगते आणि विशेषण तिचा गुण सांगते, असे आम्ही शाळेत शिकवितो. ‘वडिलोपार्जित’ हे विशेषण मात्र मिळकतीचा गुण सांगत नाही. शेताची माती पाहून किंवा घराच्या भिंती पाहून ते ओळखता येत नाही. कोणाकडून, कोणत्या नात्याने, कोणत्या साली आणि कोणत्या कायद्याखाली, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच ते लावता येते. तेव्हा हा शब्द पुढच्या वेळी एखाद्या कागदावर दिसेल, त्या वेळी त्याखाली सही करण्यापूर्वी हे चार प्रश्न अवश्य विचारावे. घरातील वृद्ध माणसे आणि जुने कागद शाबूत आहेत, तोवर त्यांची उत्तरे मिळणे सोपे असते.